कंप, रक्त आणि पानपिंपळी : परतवाड्याच्या परिसरातून दोन औषधपरंपरांच्या संयोगाचा विचार

हाताला सुटणारा कंप आणि रक्त गोठू न देणारी औषधे हे वैद्यकाच्या इतिहासातील दोन स्वतंत्र विषय होत. पहिल्याचा उल्लेख प्राचीन संहितांपासून सापडतो; दुसऱ्याचा जन्म विसाव्या शतकातला. दोहोंचे इतिहास आजवर वेगवेगळे लिहिले गेले आणि ते योग्यच झाले, कारण त्यांची उगमस्थाने, त्यांचे शास्त्रज्ञ आणि त्यांची परिभाषा निरनिराळी आहेत. परंतु रोग्याच्या शरीरात हे विषय निरनिराळे राहत नाहीत. ज्याच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले आहेत, किंवा ज्याच्या हृदयात कृत्रिम झडप बसविली आहे, अशा वयस्क मनुष्याला रक्त न गोठण्याची गोळी नित्य घ्यावी लागते. त्याच वयात त्याच्या हाताला कंपही सुटतो. अशा वेळी कंपावर घेतलेला उपाय रक्तावरील औषधाचे काय करतो, हा प्रश्न त्याच्या जिवाशी निगडित असतो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. औषधांच्या परस्परसंयोगाचे महत्त्व आपल्या जुन्या शास्त्रकारांनी तत्त्वतः ओळखले होते. आधुनिक शास्त्राने ते प्रयोगाने पुन्हा शोधून काढले. मात्र दोन्ही परंपरा शेजारी नांदत असूनही एकमेकींशी बोलत नाहीत, आणि त्या अबोल्याचा धोका रोग्याला सोसावा लागतो, असे त्यातून दाखवावयाचे आहे.

१. परतवाड्याची भूमी

या विचारासाठी अमरावती जिल्ह्यातील परतवाडा हे स्थळ अनेक दृष्टींनी सोयीचे आहे. अचलपूर हे वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होऊन गेलेले जुने नगर. त्याला लागूनच सापन आणि बिच्छन या नद्यांच्या परिसरात परतवाडा वसले. इंग्रजी अमदानीत एलिचपूरची लष्करी छावणी आणि मुलकी वसाहत याच बाजूला होती. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा अमरावती जिल्ह्यात विलीन झाला, छावणीचे महत्त्वही ओसरले. परंतु मेळघाटाचे प्रवेशद्वार आणि सागाच्या लाकडाची पेठ म्हणून परतवाड्याचा व्याप वाढतच राहिला. आज अचलपूर आणि परतवाडा ही एकाच नगरपरिषदेखालील जुळी गावे आहेत.

या एका ठिकाणी औषधविद्येच्या चार धारा एकत्र येतात. जुन्या नगरातील वैद्यांची परंपरा ही पहिली. मुसलमानी राजवटीबरोबर आलेली हकिमी ही दुसरी. तिच्यात हातापायांच्या कंपाला ‘रअशा’ असे स्वतंत्र नाव असून इब्न सीनाच्या ग्रंथात त्याचे विवेचन आहे. तिसरी मेळघाटातील कोरकू समाजाच्या भूमकांची, आणि चौथी पाश्चात्त्य वैद्यकाची. बाजाराला खाली उतरलेला गावकरी एकाच दिवशी डॉक्टरकडून गोळ्या, काष्ठौषधीच्या दुकानातून चूर्ण आणि गावच्या जाणत्याकडून मुळी घेऊन परत जाऊ शकतो. त्याला यात काही विसंगती वाटत नाही; कारण त्याच्या लेखी ही सर्व औषधेच आहेत.

या परिसराच्या वनस्पतिसंपत्तीतही दोन वनस्पती प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहेत. मेळघाटाच्या रानात झुडपांवर चढणारी, अंगाला लागताच आग आणणारी खाजकुहिली ही एक. अंजनगाव सुर्जी, अचलपूर आणि पलीकडे अकोला जिल्ह्यातील अकोट या भागांत बारी समाजाच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पानमळ्यांच्या जोडीने जोपासलेली पानपिंपळी ही दुसरी. खाजकुहिलीत कंपावरील औषध आहे. पानपिंपळीत इतर औषधांचे बळ बदलण्याचा गुण आहे. या दोन वनस्पतींच्या आधारानेच पुढील विवेचन उलगडते.

२. संहितांतील कंप

आयुर्वेदात कंप हा वाताचा विकार मानला आहे. चरकाने वातव्याधिचिकित्सेत वातप्रकोपाची दोन कारणे सांगितली : धातूंचा क्षय आणि मार्गाचे आवरण. म्हातारपणी धातू क्षीण होतात, म्हणून वात वाढतो, म्हणून हात कापतात, अशी ही उपपत्ती आहे. माधवनिदानात सर्वांगाच्या व मस्तकाच्या कंपाला ‘वेपथु’ अशी संज्ञा दिलेली आहे, आणि पुढे दक्षिणेतील ‘बसवराजीयम्’ या ग्रंथात ‘कंपवात’ हे नाव स्थिर झालेले दिसते. आज वैद्यकव्यवहारात हेच नाव रूढ आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लंडनचा वैद्य जेम्स पार्किन्सन याने १८१७ मध्ये ज्या रोगाचे वर्णन केले तोच कंपवात होय, असे समीकरण पुष्कळदा मांडले जाते. ते अर्धेच खरे आहे. पार्किन्सनच्या रोगात हात स्वस्थ असताना कापतो, हालचाल मंद होते, शरीर ताठरते. परंतु याहून कितीतरी अधिक लोकांत आढळणारा कंप निराळा आहे. त्यात हात मांडीवर ठेवला असता स्थिर राहतो आणि चहाची कपबशी उचलताना किंवा सही करताना कापतो. तो बहुधा घराण्यात चालत आलेला असतो. तिसरा कंप थायरॉइड ग्रंथीच्या अतिरेकाचा, आणि चौथा औषधांनीच उत्पन्न केलेला. ‘कंपवात’ या एका शब्दात हे सर्व सामावतात. शब्दाची ही व्यापकता ग्रंथकारांच्या काळात दोषास्पद नव्हती; परंतु आज त्या एका शब्दावरून उपाय ठरविला, तर एका कंपाचे औषध दुसऱ्या कंपाला दिले जाण्याचा संभव असतो.

वातव्याधीवरील उपचारांत स्नेहन, स्वेदन आणि बस्ती यांना अग्रस्थान आहे. त्यांच्या जोडीला लसणाचा क्षीरपाक, गुग्गुळाचे कल्प, आणि सुंठ, मिरे, पिंपळी यांचे त्रिकटू ही वारंवार येणारी द्रव्ये. या यादीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

३. दोन वनस्पती आणि एक रोग

खाजकुहिली म्हणजे संस्कृत ग्रंथांतील कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता. निघंटुकारांनी तिच्या बियांना बल्य, वृष्य आणि वातहर म्हटले आहे. १९३७ मध्ये मद्रास येथील दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी या बियांतून लेव्होडोपा नावाचे अमिनो आम्ल वेगळे केले. हाच पदार्थ त्यापूर्वी १९१३ मध्ये युरोपात गुगेनहाइम याने एका शेंगवर्गीय बीतून मिळविला होता. दोन्ही वेळा तो रसायनशास्त्रज्ञांच्या कुतूहलापुरता राहिला; त्याचा कंपाशी संबंध असेल, हे कोणाच्याही ध्यानी आले नाही.

तो संबंध जोडण्यास दुसरी भारतीय वनस्पती कारण झाली. सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी प्रसिद्ध केला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये आपल्या ५० रोग्यांचा अनुभव एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रिसर्पीन वेगळे करण्यात आले. औषध गुणकारी ठरले, पण ते घेणाऱ्या काही रोग्यांत खिन्नता आणि पार्किन्सनच्या रोगासारखी लक्षणे दिसू लागली. स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन याने १९५७ मध्ये प्राण्यांना रिसर्पीन देऊन निश्चेष्ट केले आणि नंतर लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले, असे दाखविले. १९६० मध्ये व्हिएन्नातील एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सनच्या रोगाने मृत झालेल्यांच्या मेंदूत डोपामिनाची उणीव सिद्ध केली. १९६१ मध्ये बिर्कमायर आणि हॉर्निकिएविच यांनी लेव्होडोपा रोग्यांस टोचून पाहिले. आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉटझियास याने ते पोटातून, हळूहळू वाढत्या मात्रेने देऊन या उपचाराला स्थैर्य आणले. कार्लसनला २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

एका भारतीय मुळीने रोगाची प्रतिकृती निर्माण केली. दुसऱ्या भारतीय बीत त्याचा उतारा आधीच सापडलेला होता. मद्रासच्या शोधापासून कार्लसनच्या प्रयोगापर्यंत मध्ये २० वर्षे लोटली. या विलंबाचे कारण बुद्धीची उणीव हे नव्हे. कपिकच्छूला वातहर म्हणणारे वैद्य, तिचे पृथक्करण करणारे रसायनज्ञ आणि रिसर्पिनाचे दुष्परिणाम पाहणारे डॉक्टर यांच्यात विचारांची देवघेव नव्हती, हे होय.

पुढे ही देवघेव काही अंशी घडली. १९७८ मध्ये मुंबईत डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी पार्किन्सनच्या रोगावर खाजकुहिलीच्या बियांचा उपयोग केल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९५ मध्ये ६० रोग्यांवरील एका बहुकेंद्री अभ्यासाचे, तर २००४ मध्ये लंडन येथील ८ रोग्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष अनुकूल आले. तथापि यातून निघणारा दुसरा बोध तितकाच महत्त्वाचा आहे. खाजकुहिलीचे चूर्ण म्हणजे मात्रा न मोजलेले लेव्होडोपा होय. जो रोगी डॉक्टरकडून लेव्होडोपाच्या गोळ्या घेत आहे त्याने वर हे चूर्ण घेतले, तर तो एकच औषध दुप्पट घेतो. रक्तदाब एकाएकी उतरून त्याला घेरी येऊ शकते. आणि ज्याचा कंप घराण्यात चालत आलेल्या प्रकारचा आहे त्याला लेव्होडोपाचा बहुधा उपयोगच होत नाही.

४. कुजलेल्या चाऱ्यापासून औषधापर्यंत

रक्त न गोठू देणाऱ्या औषधांचा इतिहास गोठ्यातून सुरू होतो. १९२० नंतरच्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे छाटणे, खच्ची करणे यांसारख्या किरकोळ शस्त्रक्रियेतही रक्त थांबेना. कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड याने याचे कारण शोधले : मेथीच्या जवळच्या कुळातील ‘स्वीट क्लोव्हर’ हे गवत ओलसर राहून बुरसले असता त्याचा चारा घातक होतो. १९३३ च्या फेब्रुवारीत एड कार्लसन नावाचा विस्कॉन्सिनमधील शेतकरी हिमवादळातून वाट काढीत मेलेली कालवड, बुरसलेला चारा आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा डबा घेऊन कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये त्या चाऱ्यातून डायकुमारॉल वेगळे केले. त्याच कुळातील वॉर्फरिन हे रसायन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले. १९५१ मध्ये एका अमेरिकन सैनिकाने ते विष आत्महत्येच्या हेतूने पुष्कळ प्रमाणात घेतले, आणि तरीही ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने तो वाचला. त्यामुळे मनुष्यावर त्याचा उपयोग करण्यास धैर्य आले. १९५४ मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली आणि पुढील वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते देण्यात आले. योग्य योजनेने तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि अयोग्य योजनेने औषधही विष होते, हे चरकाचे प्रतिपादन याहून स्पष्टपणे प्रत्ययास येणे कठीण.

लोकव्यवहारात या औषधांना ‘रक्त पातळ करण्याच्या गोळ्या’ म्हणतात. वस्तुतः रक्त पातळ होत नाही. रक्त गोठविणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यांच्या निर्मितीस ‘के’ जीवनसत्त्व लागते. वॉर्फरिन त्या जीवनसत्त्वाच्या पुनर्वापरात अडथळा आणते. भारतात अॅसेनोकुमारॉल हे त्याचेच भावंड अधिक प्रचारात आहे. आमवातज्वराने बिघडलेल्या झडपा बदलण्याच्या शस्त्रक्रिया जसजशा वाढल्या, विशेषतः तिरुवनंतपुरम येथील श्रीचित्रा संस्थेने घडविलेली भारतीय झडप १९९० मध्ये प्रथम बसविली गेल्यानंतर, तसतशी ही गोळी लहान गावांतील सामान्य घरांतही पोहोचली. २०१० पासून डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्सॅबान, अॅपिक्सॅबान ही नवी औषधेही हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वापरात आली. परंतु कृत्रिम धातूच्या झडपेसाठी ती चालत नाहीत.

वॉर्फरिनवर्गाची कल्याणकारी आणि घातक मात्रा यांतील अंतर फार थोडे आहे. म्हणून रक्त तपासून ‘आय्. एन्. आर्.’ हा आकडा पाहावा लागतो आणि त्यानुसार मात्रा कमीअधिक करावी लागते. आकडा उतरला तर झडपेवर गुठळी धरून पक्षाघात होण्याचे भय. चढला तर मेंदूत किंवा आतड्यात रक्तस्राव. आहारातील ‘के’ जीवनसत्त्वही या हिशेबात मोडते. हिवाळ्यात ताटात मेथी, पालक, अंबाडी यांची रेलचेल असते. श्रावणात उपवासांमुळे भाज्या कमी होतात. भाजी खाऊ नये असा याचा अर्थ नाही. ती वर्षभर साधारण सारख्या प्रमाणात असावी, एवढाच आहे.

५. दोन प्रवाहांचा संगम

कंप आणि रक्तावरील गोळी ही एकाच मनुष्यात केवळ योगायोगाने येतात असे नाही. त्यामागे कधी कधी एकच कारण असते. थायरॉइड ग्रंथी अतिरिक्त काम करू लागली की बोटांना सूक्ष्म कंप सुटतो आणि हृदयाची गतीही विस्कळित होते. अशा रोग्यावर वॉर्फरिनचा परिणामही अधिक तीव्र होतो. तेथे कंपावर निराळा उपाय न शोधता ग्रंथीचा उपचार करणे हेच इष्ट. दुसरे उदाहरण अमिओडॅरोन या औषधाचे. १९६० नंतर बेल्जममधून पुढे आलेले हे औषध हृदयाचे ठोके नियमित करते. पण ते स्वतःच हातांना कंप आणते, थायरॉइड बिघडविते, आणि वॉर्फरिनचे यकृतातील विघटन रोखून रक्तस्रावाचा धोका वाढविते. ज्या रोग्याला कंप सुटला आहे त्याच्या औषधांची यादी आधी पाहावी, हा नियम अशा अनुभवांतून आला.

कंपावरील आधुनिक औषधांचाही रक्तावरील औषधाशी संबंध निरनिराळा आहे. प्रोप्रॅनोलॉल हे १९६० च्या दशकात हृदयरोगासाठी निर्माण झालेले औषध नंतर घराण्यात चालत आलेल्या कंपावर उपयोगी ठरले. त्याने वॉर्फरिनची रक्तातील पातळी थोडी वाढते. परंतु ठोक्यांची गतीही ते आवरते, म्हणून योग्य रोग्यात एकाच गोळीने दोन कामे साधतात. दम्याच्या रोग्याला मात्र ते वर्ज्य. दुसरे औषध प्रिमिडोन. ते मूळचे अपस्मारावरचे. १९८१ च्या सुमारास कंपावर त्याचा उपयोग ध्यानात आला. शरीरात त्याचे अंशतः फेनोबार्बिटल होते, आणि फेनोबार्बिटल यकृतातील विघटनक्रिया वाढविते. परिणामी वॉर्फरिन लवकर नष्ट होते आणि रक्त पुन्हा गोठू लागते. नव्या गोळ्यांचे बळही अशा औषधाने घटते आणि त्यांच्या बाबतीत नित्य तपासणीचा आकडा नसल्याने ते ध्यानातही येत नाही.

या क्रियेचा शोध संयोगविचाराच्या इतिहासात महत्त्वाचा टप्पा आहे. १९६० च्या दशकात पाश्चात्त्य डॉक्टरांच्या लक्षात आले की, रुग्णालयात झोपेसाठी बार्बिट्युरेट देत असताना ज्यांची वॉर्फरिनची मात्रा ठरविली होती, त्यांना घरी गेल्यावर झोपेची गोळी बंद होताच रक्तस्राव होऊ लागतो. मात्रा तीच होती. केवळ शेजारचे औषध निघून गेले होते. धोका औषध सुरू करण्यात जितका असतो तितकाच ते सोडण्यातही असतो, हा सिद्धान्त तेव्हा दृढ झाला. पार्किन्सनच्या रोगावरील लेव्होडोपा या दृष्टीने बरेच निरुपद्रवी आहे; परंतु त्याच्या जोडीने दिले जाणारे एन्टाकॅपोन आय्. एन्. आर्. थोडे वाढविते.

औषधांपलीकडील उपायांचाही विचार येथे येतो. स्नायूत टोचावयाच्या बोट्युलिनम इंजेक्शनाने रक्त साकळू शकते. फ्रान्समध्ये १९८७ पासून बेनाबिद यांनी प्रचारात आणलेल्या मेंदूतील विद्युत्‌उत्तेजनाच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्तावरील औषध थांबवावे लागते, आणि ते थांबविणे हाच काहींच्या बाबतीत मोठा धोका असतो. तोल जाऊन पडणे हा पार्किन्सनच्या रोग्याचा नेहमीचा अपघात. रक्तावरील गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर वरून जखम नसली तरी आत हळूहळू रक्त साचू शकते. दाढीचा साधा वस्तरादेखील अशा हातात धोक्याचा ठरतो. म्हणून घरातील उंबरे, न्हाणीघरातील निसरडी फरशी आणि रात्रीचा अंधार यांचा बंदोबस्त हा कंपाच्या उपचाराचाच भाग समजला पाहिजे.

६. योगवाही पिंपळी

आता पानपिंपळीकडे वळता येईल. चरकाच्या विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात तीन द्रव्ये अधिक प्रमाणात व सतत सेवन करू नयेत असे सांगितले आहे : पिंपळी, क्षार आणि लवण. पिंपळीविषयीचे विवेचन विशेष मननीय आहे. तिचे गुण मान्य करून चरक म्हणतो की, सतत सेवनाने ती दोषांचा संचय करते, एकटी वातशमनास पुरी पडत नाही, परंतु ती योगवाही आहे. म्हणजे ज्या द्रव्याशी तिचा योग होतो त्याचे कार्य ती पुढे नेते. त्याच अध्यायात ‘संयोग’ म्हणजे दोन वा अधिक द्रव्ये एकत्र आल्यावर, एकेकट्यात नसलेला विशेष परिणाम घडणे, असे विवेचन आहे. आणि सूत्रस्थानात विरुद्धाचे जे अठरा प्रकार गणले आहेत त्यांतही संयोगविरुद्धाचा समावेश आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या योगवाहित्वाचा प्रयोगाने मागोवा घेतला. पिंपळी आणि मिरे यांतील पायपरीन हा पदार्थ इतर औषधांचे शरीरातील शोषण वाढवितो आणि त्यांचे विघटन मंदावितो, असे आढळले. १९९१ मध्ये तेथीलच संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात, पायपरीन घेतल्यावर प्रोप्रॅनोलॉलची रक्तातील पातळी लक्षणीय वाढलेली दिसली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, औषधांना पेशीबाहेर ढकलणाऱ्या आणि त्यांचे विघटन करणाऱ्या दोन महत्त्वाच्या प्रथिनांना पायपरीन अडवते असे पेशींवरील प्रयोगांतून दिसले. रक्तावरील नव्या गोळ्यांचा शरीरातील प्रवास याच प्रथिनांवर पुष्कळसा अवलंबून आहे. त्यामुळे कंपावर प्रोप्रॅनोलॉल आणि रक्तासाठी अशी गोळी घेणाऱ्याने त्रिकटू, सितोपलादी किंवा पिंपळीयुक्त कल्प नियमाने घेणे ही केवळ घरगुती बाब राहत नाही. स्वयंपाकातील चिमूटभर मिऱ्याचा आणि रोजच्या चमचाभर चूर्णाचा हिशेब अर्थातच निरनिराळा.

वातव्याधीच्या यादीतील इतर दोन द्रव्येही येथे पुन्हा समोर येतात. लसणाच्या रक्तावरील परिणामाचा अभ्यास उदयपूर येथे डॉ. अरुण बोर्डिया यांनी १९७० च्या दशकात केला. रक्तातील बिंबिका एकमेकींस चिकटण्याची क्रिया लसणाने मंदावते, हे पुढील अनेक प्रयोगांनी दाखविले. गुग्गुळाविषयीही तशाच स्वरूपाचे निष्कर्ष प्रयोगशाळेतून मिळाले आहेत. म्हणजे कंपवातावर परंपरेने योजली जाणारी लसूण, गुग्गुळ आणि पिंपळी ही तीनही द्रव्ये रक्तावरील गोळीशी कोणत्या ना कोणत्या वाटेने संबंध ठेवून आहेत. ज्याचे रक्त सहज गोठते त्याच्या बाबतीत हा गुण ठरेल. गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत तोच अवगुण. रक्तमोक्षणासाठी लावलेल्या जळवेच्या लाळेतही रक्त गोठू न देणारा हिरुडिन हा पदार्थ असतो. म्हणून अशा रोग्याला जळवा लावणे, किंवा जोराने मर्दन करणे, टाळलेच पाहिजे.

येथे दोन टोकाचे निष्कर्ष संभवतात आणि दोन्ही त्याज्य आहेत. प्राचीनांना आधुनिक औषधशास्त्र अवगत होते, हा पहिला. चरकाने पिंपळीचा स्वभाव निरीक्षणाने टिपला. यकृतातील विघटनक्रिया त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि वॉर्फरिन तर त्याच्या सृष्टीतच नव्हते. जुनी औषधे नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी, किंवा अशास्त्रीय म्हणून निष्फळ, हा दुसरा. बुरसलेला चाराही नैसर्गिकच होता. आणि जे द्रव्य दुसऱ्या औषधाचे बळ बदलू शकते ते निष्फळ म्हणता येत नाही.

७. उपसंहार

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये, कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशी आणि पाश्चात्त्य वैद्यकाच्या समन्वयाची शिफारस केली होती. प्रत्यक्षात शिक्षण, नोंदणी आणि औषधालये स्वतंत्र राहिली. समन्वय व्हावा की न व्हावा, हा तात्त्विक वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट नाकारता येत नाही : रोग्याने तो समन्वय केव्हाच करून टाकला आहे, आणि तोही कोणाला न सांगता. डॉक्टर ‘आणखी कोणते औषध घेता’ असे विचारतो तेव्हा चूर्ण आणि काढा रोग्याच्या मते औषधांत मोडत नाहीत. वैद्य विचारतो तेव्हा ‘हृदयाची एक गोळी’ एवढेच उत्तर मिळते. आय्. एन्. आर्. अकारण चढला किंवा उतरला असे ज्याला म्हटले जाते, त्यातील काही कारणे या दोन अपुऱ्या उत्तरांच्या मध्ये दडलेली असतात.

यातून निघणारे व्यवहारसूत्र साधे आहे. कंपाचा प्रकार निश्चित झाल्याखेरीज उपाय सुरू होऊ नये. रक्तावरील गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये अथवा वाढवू नये. कंपावरील कोणतेही औषध, मग ते गोळी असो, चूर्ण असो की तेलबस्ती, सुरू करताना आणि सोडतानाही, रक्तावरील औषध देणाऱ्या डॉक्टरला कळविले जावे, आणि वॉर्फरिनवर्गातील गोळी असल्यास काही दिवसांतच तपासणी व्हावी. काळी शौचास होणे, लघवीतून रक्त जाणे, कारणाशिवाय अंगावर काळेनिळे डाग उठणे, किंवा डोक्याला मार लागणे यांपैकी काहीही घडल्यास वाट पाहू नये. आणि घरातील सर्व औषधांची, वैद्याच्या पुड्यांसह, एकच यादी असावी. ती प्रत्येक उपचारकाच्या हाती पडावी.

परतवाड्यासारख्या ठिकाणी या यादीचे मोल अधिक आहे. अमरावती येथून सुमारे ५० किलोमीटर आहे, आणि मेळघाटातील गावे त्याहून पुष्कळ आत आहेत. तपासणीसाठी एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती लांबणीवर पडते. अशा वेळी रोग्याच्या जवळ असलेला वैद्य, औषधविक्रेता किंवा गावातील जाणता भूमका हाच पहिला सावध करणारा होऊ शकतो. मात्र त्याला रक्तावरील गोळीचे नाव ठाऊक असले पाहिजे, आणि शहरातील डॉक्टरला पानपिंपळीचे. खाजकुहिलीचे बी आणि कंपाचा रोग यांची गाठ पडण्यास २० वर्षे लागली, कारण जाणकार एकमेकांना भेटले नाहीत. त्या वेळी ज्ञानाचा विलंब झाला. रक्तावरील गोळी घेणाऱ्या कंपरोग्याच्या बाबतीत तोच अबोला चालू राहिला, तर त्याचे मोल रोग्याच्या प्राणाने मोजावे लागण्याचा संभव आहे.